जनावरांच्या दवाखान्यात काम करताना: चावा टाळायचा कसा, आणि बसलाच तर काय करायचं

नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात कुत्र्याचा पट्टा देत नाही. आधी रेबीजची लस घ्यायला पाठवते. ते म्हणतं, "पण मॅडम, मला अजून कुठं काय चावलंय?" चावल्यावर घ्यायची ती वेगळी, ही त्याच्या आधीची, हे मग समजावून सांगावं लागतं.

माझा दवाखाना सांगलीत आहे. सकाळी कुत्री-मांजरं, दुपारनंतर आसपासच्या गावांतल्या म्हशी, गाई, शेळ्या. डिग्रीवाल्या डॉक्टरांसाठी मी हे लिहीत नाहीये. त्यांना यातलं बरंचसं कॉलेजात शिकवलेलं असतं, पाळत नाहीत ही गोष्ट वेगळी. हे आहे जनावर धरणाऱ्यांसाठी, पिंजरे धुणाऱ्या मावशींसाठी, काउंटरवर बसून मांजराची टोपली हातात घेणाऱ्या मुलीसाठी, सरकारी दवाखान्यातल्या परिचर आणि व्रणोपचारकांसाठी (ड्रेसर), इंटर्नशिपला आलेल्या पोरापोरींसाठी. पाटीवर नाव डॉक्टरचं असलं तरी दात बहुतेक वेळा धरणाऱ्याच्या हाताला लागतात. डॉक्टर सुईकडे बघत असतो आणि कुत्र्याला सगळ्यात जवळ सापडतो तो धरणारा.

म्हणून आमच्याकडे एक नियम आहे, आणि बाकी सगळे नियम त्याच्यानंतर येतात. धरणारा "थांबा" म्हणाला की डॉक्टरने थांबायचं. कारण विचारायचं नाही, "दोनच सेकंद" म्हणायचं नाही. कुत्र्याचं अंग ताठरतंय, त्यानं श्वास रोखलाय, मान हळूच वळतेय, हे सगळ्यात आधी कळतं ते त्याला कवेत घेतलेल्या माणसाला. डॉक्टरला ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. धरणारा एकोणीस वर्षांचा आणि डॉक्टर पन्नाशीचा असला तरी शब्द धरणाऱ्याचाच. हे चारचौघांत, मालकासमोर म्हणायला नवीन पोरं लाजतात. त्यांना मी मुद्दाम गरीब स्वभावाच्या कुत्र्यांवर हा सराव करायला लावते. नुसतं "थांबा" म्हणायचं आणि मी सुई खाली ठेवायची.

कामाला लागण्याआधीची लस

तीन डोस असतात: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडात घेतात, कंबरेत नाही. बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून पुष्कळ जणांच्या मनात असते, विशेषतः मावशींच्या. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस साधी आहे. दंड थोडा दुखतो, एखाद्याला कणकण येते.

हिचा खरा फायदा चावा बसल्यावर कळतो. आधी लस न घेतलेल्या माणसाला खोल चावा बसला तर लशीच्या सगळ्या डोसांबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूला अडवणारी तयार प्रतिपिंडं, द्यावं लागतं. ते सुईनं जखमेच्या आत आणि भोवती भरतात. बोटाच्या टोकाला हे किती दुखतं ते ज्यानं घेतलंय त्यालाच विचारा. शिवाय रात्री नऊ वाजता तालुक्याच्या गावी ते मिळेलच असं नाही. लस आधी पूर्ण घेतलेली असेल तर चाव्यानंतर दोनच डोस, पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी, आणि इम्युनोग्लोब्युलिन नाही. पण ते दोन डोस घ्यायचेच. "माझी लस झालीये" म्हणून हात झटकून पुढच्या कुत्र्याकडे वळणारे मी पाहिलेत. त्यांना लशीचा अर्थच कळलेला नसतो.

जे वर्षानुवर्षं या कामात आहेत त्यांनी अधूनमधून रक्तातली प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्यावी. ती ०.५ आययू प्रति मिली या पातळीच्या खाली गेली तर बूस्टर लागतो. ही तपासणी सगळीकडे होत नाही, पुण्या-मुंबईच्या लॅबला नमुना पाठवावा लागतो.

एक गोष्ट दबक्या आवाजात चालते म्हणून इथे मोठ्यानं सांगते: फ्रीजमध्ये कुत्र्यांची रेबीजची लस असते म्हणून ती माणसानं टोचून घ्यायची नाही. ती माणसांसाठी तयार केलेली नाही आणि माणसांवर तपासलेलीही नाही. कुत्र्याच्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनाही हेच लागू.

आणि या लशीचा खर्च दवाखान्याच्या मालकानं करायचा. सरकारी रुग्णालयात ती मिळाली तर उत्तम, नाही तर खिशात हात घालायचा.

टेबलापाशी

चावा टेबलावर बसत असला तरी त्याची सुरुवात दारातच झालेली असते. वेटिंगमध्ये दोन कुत्री समोरासमोर गुरगुरत बसली असतील तर आत येणारं कुत्रं आधीच तापलेलं असतं. आम्ही चिडक्या कुत्र्यांच्या मालकांना बाहेर गाडीतच किंवा लिंबाखाली थांबायला सांगतो आणि फोन करून आत बोलावतो. वेटिंगमध्ये जुंपलीच तर मध्ये हात घालायचा नाही, पट्ट्यापर्यंतसुद्धा न्यायचा नाही. बादलीभर पाणी, प्लास्टिकची खुर्ची, जाड चादर, यातलं जे हाताशी असेल ते वापरा. भांडण सोडवायला गेलेल्याला स्वतःच्याच कुत्र्यानं फाडल्याची उदाहरणं कमी नाहीत. त्या क्षणी त्याला हात कुणाचा ते कळत नसतं.

"आमचा चावत नाही हो" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. मालक खोटं बोलत नसतो. घरी तो चावत नाही. घरी त्याच्या कानात कुणी नळी घालत नाही, आणि ठणकणारा खुबा कुणी मागे ओढत नाही. वेगळा प्रश्न विचारा: "नखं कापताना काय करतो? आधीच्या डॉक्टरांकडे मुसकं बांधलं होतं का?" खरी माहिती तिथून निघते. ती केसपेपरवर लाल पेनानं वरच्या कोपऱ्यात लिहा. गेल्या वेळी चावायला आला होता हे पुढच्या वेळी धरणाऱ्याला माहीत नसणं हा दवाखान्याचा गाढवपणा आहे.

कुत्रा सांगत असतो, बहुतेक वेळा. ओठ चाटणं, उगाच जांभई देणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली, कान मागे. मग गुरगुर. गुरगुरल्याबद्दल त्याला फटका मारणारा माणूस माझ्या दवाखान्यात नको. गुरगुरणं हा इशारा आहे. तो मारून बंद केला तर पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावेल. आणि सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे हे सगळं थांबून तो एकदम दगडासारखा स्थिर होणं. "बघा, शांत झाला" असं मालक म्हणतो तेव्हाच धरणाऱ्यानं "थांबा" म्हणायचं.

धरण्याची पद्धत अशी. आधी टेबलावर रबरी मॅट. स्टीलच्या टेबलावर पाय घसरला की कुत्रा घाबरतो आणि घाबरला की चावतो. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि निम्म्या दवाखान्यांत तो दिसत नाही. एक हात त्याच्या मानेखालून घालून डोकं आपल्या खांद्याशी, तोंड बाहेरच्या बाजूला. दुसरा हात पाठीवरून किंवा पोटाखालून घेऊन त्याला छातीशी घट्ट धरायचं. घट्ट म्हणजे आवळून नव्हे. तुमचा चेहरा त्याच्या तोंडाच्या रेषेत येता कामा नये. पोरं लाडानं त्याच्या डोक्याशी गाल लावतात, ते पहिल्या दिवशीच बंद करायचं. ओठाला आणि गालाला बसलेला चावा वाईट. जखम दिसते ती वेगळीच, पण डोक्यामानेजवळच्या चाव्यातून रेबीजच्या विषाणूला मेंदूचं अंतर कमी पडतं. बोटंही तशीच, तिथे नसांचं जाळं दाट.

मालकाला धरायला लावू नका. त्याचा हात ढिला पडतो, तो "अगं बाई" म्हणून सोडून देतो आणि चावा तुम्हाला बसतो. त्याला कुत्र्याला दिसेल असं समोर उभं करा, बोलू दे.

मुसकं बांधणं म्हणजे अपमान नव्हे, हे मालकाला आधी सांगायचं. तयार जाळीचं मुसकं सगळ्यात चांगलं, त्यातून कुत्रा तोंड उघडून धापू शकतो. ते नसेल तर बँडेजपट्टी. साधारण दीड मीटर घ्या. मधोमध एक सैल गाठ मारून फास तयार करा आणि समोरून नव्हे, बाजूनं किंवा मागून नाकाडावर सरकवा. फास वरच्या बाजूनं ओढून घट्ट करा. मग दोन्ही टोकं जबड्याखाली न्या, तिथे एकदा आडवी घ्या, आणि कानांच्या मागे नेऊन सुरगाठ बांधा. सुरगाठच, म्हणजे ओकारी आली किंवा श्वास कोंडला तर एका ओढीत सुटेल. आमच्याकडच्या कारवानी कुत्र्यांच्या लांब तोंडावर ही पट्टी छान बसते. पगवर बसत नाही, आणि बसवायचीही नाही. त्याला आधीच श्वासाचा त्रास. त्याच्या मानेभोवती टॉवेलची जाड गुंडाळी धरली की तोंड वळत नाही. उलट्या होणाऱ्या किंवा धाप लागलेल्या कुत्र्याला पट्टी बांधायची नाही. आणि मे महिन्यात पट्टी बांधून त्याला बाकावर बसवून ठेवू नका. कुत्र्याचा घाम तोंडावाटेच निघतो असं समजा, तोंड बंद केलं की तो आतून तापतो.

काही कुत्र्यांना धरूच नये. नखं कापायला चार माणसं लागत असतील तर ती नखं आज कापायची गरज नाही. डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्या, घरून निघण्याआधी दोन-तीन तास मालकानं ती द्यायची, आणि मग या. किंवा सरळ भूल. चार माणसांनी दाबून धरलेला कुत्रा पुढच्या वेळी दारातच चावतो. हे मी डॉक्टर म्हणून सांगते: "आटपून टाकू" हा आमचा रोग आहे, धरणाऱ्यांचा नाही.

मांजर वेगळं

कुत्र्याचा चावा मोठा दिसतो, मांजराचा दिसतच नाही. दोन बारीक ठिपके, रक्त थेंबभर, आणि माणूस कामाला लागतो. मांजराचे सुळे सुईसारखे, सरळ सांध्यात किंवा बोट वाकवणाऱ्या शिरेच्या (कंडरेच्या, रक्तवाहिनीच्या नव्हे) म्यानात जातात, आणि वरची कातडी लगेच मिटते. आत पाश्चुरेला नावाचे जंतू राहतात. बारा ते चोवीस तासांत हात लाल, गरम, टम्म. मांजराचे चावे कुत्र्याच्या चाव्यांपेक्षा जास्त वेळा चिघळतात. म्हणून मांजर हाताला चावलं तर त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे. "उद्या बघू" नाही.

टोपलीतून मांजर ओढून काढू नका. टोपलीचं वरचं झाकण काढा, खालच्या भागात ते तसंच बसू दे आणि तिथेच तपासा. खिडक्या बंद, पंखा बंद. टॉवेल मोठा आणि जाड हवा. आधी पाठीवरून टाकायचा, मग मानेखालून घट्ट लपेटून पुढचे पाय आत घ्यायचे. एकच पाय बाहेर काढायचा, ज्याचं काम आहे तो. मानगूट धरून लटकवणं आम्ही सोडलंय. पिल्लाला आई तसं उचलते म्हणून चार किलोच्या बोक्याला ते आवडतं असं नाही. शेपूट आपटायला लागली, कान आडवे झाले, बुबुळं मोठी झाली, की सोडा. पळालं तर पळू दे, खोली बंद आहे.

पिंजऱ्याकडचं काम

इथे मावशींचा हात जातो. पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात दबून बसलेल्या कुत्र्याला आत हात घालून काढायचं नाही. त्याला पळायला जागा नसते. दार थोडं उघडून सरकत्या फासाचा पट्टा टाकायचा आणि त्याला स्वतःहून बाहेर येऊ द्यायचं. पाण्याचं भांडं बदलायचं असेल तर तो दाराशी नसताना, किंवा दुसऱ्या माणसानं पट्टा धरलेला असताना. प्रत्येक पिंजऱ्यावर पाटी हवी, आणि मावशींना वाचता येत नसेल तर लाल फडकं बांधा. आमच्याकडे लाल फडकं म्हणजे "मॅडमला विचारल्याशिवाय उघडू नका".

ऑपरेशननंतर भूल उतरत असलेलं कुत्रं कुणालाच ओळखत नाही. श्वासनलिकेतली नळी काढताना बोटं दातांच्या मध्ये असतात आणि जबडा एकदम मिटतो. नळी बांधलेली पट्टी आधी सोडून ठेवा, बोट आत घालून चाचपत बसू नका. फेफरं येऊन गेलेल्या कुत्र्याचंही तसंच. झटका येत असताना जीभ ओढायला तोंडात हात घालणारे मालक असतात, त्यांना ओरडून थांबवा. कुत्रा जीभ गिळत नाही.

"घशात काहीतरी अडकलंय"

आता ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते ते. यात चावा बसतोच असं नाही, म्हणून कुणी त्याला इजा मानत नाही.

गावाकडून फोन येतो: म्हैस दोन दिवस खात नाही, लाळ गळतेय, घशात काहीतरी अडकलंय. आंब्याची कोय, उसाचं पेर, कधी गाजर, हे खरंच अडकतं. कुणी म्हणतं लाळ्या-खुरकूत आहे. तोवर घरातल्या चौघांनी तोंडात हात घालून बघितलेलं असतं आणि म्हाताऱ्यानं बाटलीनं काढा पाजलेला असतो. मग आपला माणूस पोचतो, बाह्या सरसावतो आणि कोपरापर्यंत हात घालतो. गोठ्यात काम करणाऱ्याच्या हातावर ओरखडे नेहमीच असतात. ती म्हैस पिसाळलेली असेल तर त्या ओरखड्यांवर लाळ लागणं म्हणजे चावल्यासारखंच धरायचं, आणि तेही सगळ्यात गंभीर प्रकारात.

म्हणून क्रम उलटा करा. तोंडात हात घालण्याआधी प्रश्न विचारा. गेल्या काही महिन्यांत गावात पिसाळलेलं कुत्रं फिरत होतं का? हिला किंवा शेजारच्या गोठ्यातल्या जनावराला चावलं होतं का? आवाज घोगरा झालाय का, सारखी हंबरते का? दावं, गव्हाण, भिंत चावते का? मागचे पाय लटपटतात का, सारखी कुंथते का? यातलं एक जरी हो असलं, किंवा मालकाला काहीच सांगता येत नसलं, तरी उघडा हात घालायचा नाही. मोरकी, वेसण, खोडा, सगळं वापरून लांबूनच बघा. लांब हातमोजे, डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क. तरीही शंका असेल तर जनावर वेगळं बांधा आणि नुसतं लक्ष ठेवा. खरंच काही अडकलं असेल तर बहुतेक वेळा पोट फुगतं, आणि अडकलेली वस्तू मानेच्या डाव्या बाजूला बाहेरून हाताला लागू शकते.

कुत्र्यांतही हेच. खालचा जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, आणि मालक म्हणतो "हाडूक अडकलंय". मुका रेबीज असा असतो. त्यात कुत्रं अंगावर धावून येत नाही, उलट कोपऱ्यात गपचूप बसतं. आणि रस्त्यावरून उचलून आणलेली दीड-दोन महिन्यांची पिल्लं: ती खेळता खेळता दात लावतात आणि सगळे हसतात. लस न झालेल्या आईचं, लस न झालेलं पिल्लू. त्याच्या बारीक दातांनी रक्त आलं तर तो चावाच.

गोठ्यात संशयित जनावर निघालं तर घरातल्यांची यादी करा: काढा कुणी पाजला, तोंडात हात कुणी घातला, लाळ कुणाच्या जखमेला लागली. त्या सगळ्यांना सिव्हिलला पाठवा. दुधाबद्दल गाव घाबरतं. अख्खी आळी लस घ्यायला निघते. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही, हे ठामपणे सांगा. कच्चं दूध वासराशिवाय कुणी पीत नसेल तर प्रश्नच मिटला. ते जनावर पिळायचं मात्र बंद करा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीप्रमाणे आपल्या देशात वर्षाला सुमारे ५,७०० माणसं रेबीजने दगावतात. एकदा लक्षणं दिसली की उपाय जवळपास नाहीच. म्हणून या एका बाबतीत मी "जास्तीची काळजी" असं काही मानत नाही.

चावा बसला

हात ओढू नका, हे सांगणं सोपं आहे. पण ओढला की फाटतं, आणि फाटलेली जखम टोचलेल्या जखमेपेक्षा वाईट. दुसऱ्या माणसानं जनावराच्या डोळ्यांवर टॉवेल टाकावा. जबडा सुटला की जनावर दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि सरळ बेसिनकडे जा. उरलेलं इंजेक्शन पुरं करायचं नाही.

नळ सोडा, साबण लावा, पंधरा मिनिटं धुवा. फोनवर गजर लावा, कारण माणूस मिनिटभरातच "झालं" म्हणतो. वाहत्या पाण्याखालीच, बादलीत हात बुडवून नव्हे. कुठलाही साबण चालतो, कपड्याचा असला तरी. रेबीजच्या विषाणूवर मेदाचं आवरण असतं, साबणानं ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. इतकं साधं, इतकं स्वस्त औषध वैद्यकात दुसरं फारसं नाही. ब्रशनं घासायचं नाही. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक. हळद, चुना, तिखट, रॉकेल, तंबाखू, काहीही लावायचं नाही. तोंडानं रक्त चोखायचं नाही. लाळ डोळ्यात उडाली असेल तर साबण नाही, नुसत्या पाण्यानं किंवा सलाईनच्या बाटलीनं धुवा.

आणि टाके आपल्या दवाखान्यात घालायचे नाहीत. हात सफाईदार असतात, दोरा जवळ असतो, मोह होतो. चाव्याची जखम शक्यतो उघडी ठेवतात. टाके घालणं भागच असेल तर इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर, सैल घालतात. ते माणसांचे डॉक्टर ठरवतील.

नुसतं चाटलं आणि कातडी धड आहे, तर फक्त धुवा. रक्त न येता खरचटलं, तर धुणं आणि लस. रक्त आलं, दात आत गेला, किंवा डोळ्यात, तोंडात, जखमेवर लाळ गेली, तर धुणं, लस आणि, आधी लस पूर्ण झालेली नसेल तर, इम्युनोग्लोब्युलिन. हे तीन प्रकार बेसिनच्या वर मोठ्या अक्षरात लावून ठेवा. आधी लस न घेतलेल्याला डोस असे: कातडीत देतात तिथे पहिला, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस, दंडाच्या स्नायूत देतात तिथे यात चौदावा दिवस वाढतो. इम्युनोग्लोब्युलिन पहिल्याच दिवशी घ्यायचं. काही कारणानं राहिलं तर पहिल्या डोसनंतर सात दिवसांच्या आत, त्यानंतर उपयोग नाही. या गणतीत चावल्याचा नव्हे, पहिल्या डोसचा दिवस म्हणजे शून्य धरतात, म्हणून कार्डावर ०, ३, ७ असं लिहिलेलं दिसेल. बाईमाणूस गरोदर असेल तरी लस थांबवत नाहीत.

धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर घ्या. पाच वर्षं उलटली असतील तरी घ्या.

सिव्हिलला जाताना कागदावर लिहून न्या: कुठलं जनावर, मालक कोण, रेबीजची लस कधी झाली, आज त्याची तब्येत कशी, आणि स्वतःच्या लशीच्या तारखा. कुत्र्या-मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. पण लस सुरू करायला दहा दिवस थांबायचं नसतं. लस आजच, दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल तर पुढच्या डोसांचं काय ते डॉक्टर सांगतील. हा दहा दिवसांचा हिशेब फक्त कुत्र्या-मांजरांसाठी. म्हैस, माकड, मुंगूस यांना तो लावू नका.

त्या दहा दिवसांत जनावर मेलं तर पुरू नका. थंड ठेवा, बर्फात, फॉर्मॅलीनमध्ये नव्हे, आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. मेंदूचा नमुना प्रयोगशाळेत जातो. पुण्यात औंधला राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. डोकं वेगळं करायचं काम लस न घेतलेल्या माणसाला सांगायचं नाही.

पुढचे दोन दिवस हात उंच ठेवा आणि बघा. बोट अर्धवट वाकलेलं राहतंय, सगळं बोट सारखं सुजलंय, दुसऱ्यानं ते सरळ केलं की जीव जातो, तळव्याच्या बाजूनं दाबलं की कळ येते: ही शिरेच्या म्यानातल्या पुवाची लक्षणं, रात्रीच हॉस्पिटलात जा. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांची प्लीहा काढलेली आहे, जे स्टिरॉइडवर आहेत, त्यांनी छोट्या चाव्यालाही ताप आला तर एक तास घालवू नये.

नंतर

वही ठेवा. तारीख, वेळ, कुणाला, कुठल्या जनावरानं, काय करताना. "काय करताना" हा रकाना सगळ्यात उपयोगाचा. आमच्या वहीत नखं कापणं आणि कान साफ करणं पुन्हा पुन्हा यायला लागलं, तेव्हापासून वाईट कान असलेल्या कुत्र्याला गोळी दिल्याशिवाय टेबलावर घेत नाही. चावलेल्या माणसाला रागावायचं नाही. रागावलं की पुढचा चावा तो वहीत लिहिणार नाही, शर्टाच्या बाहीखाली लपवेल.

रजा पगारी. औषधांचं बिल दवाखान्याचं. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकानं द्यायची हे आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून चालत आलंय, पण छोट्या दवाखान्यांत ते कुणी कुणाला सांगत नाही. मावशींना तर नाहीच.

शेवटचा डोस मात्र हमखास चुकतो. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत जखम भरलेली असते, माणूस विसरलेला असतो. कुत्र्यांच्या लशीची आठवण द्यायला आमच्याकडे मोबाइलवर मेसेज पाठवायची सोय आहे. चावलेल्या माणसाचं नाव आम्ही त्याच यादीत टाकतो, आणि त्या दिवशी सकाळी त्याला कामावर न बोलावता थेट सिव्हिलला पाठवतो.